उंबऱ्यावर काय हरवलं?

निघायच्या दिवशी आप्पांनी मला आधी किल्ल्यावर नेलं. नळदुर्गला आमच्या आळीत तशी रीतच होती. कुणी शिकायला, नोकरीला किंवा नांदायला गाव सोडून निघालं की किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात जायचं, उंबऱ्याच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग गाडी धरायची. २००१ चा उन्हाळा होता. सोलापूरची जीप स्टँडवर हॉर्न देत होती. आईने शेंगांच्या चटणीची पिशवी तीन वेळा बांधली, दोन वेळा सोडली. सायकल दुरुस्तीचं दुकान सहसा बंद न ठेवणारे आप्पा त्या दिवशी दुकान बंद ठेवून आले होते.

"हात लाव आणि नीघ," ते म्हणाले. "मागं बघू नको. वरची खोली तुझीच आहे."

ही वरची खोली म्हणजे मी बारावीला असताना माझ्या अभ्यासासाठी घरावर पत्रे टाकून काढलेली खोली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. खाली दिवसभर दुकानाची ठोकाठोक चालायची म्हणून आप्पांनी आपल्या हाताने ती उभी केली. भिंतीवर मी खडूने लिहिलेली सूत्रं होती. मी आज जो काही आहे तो त्या पत्र्यांखाली झालो, हे मला कधी विसरता आलेलं नाही.

अमेरिकेत टेक्सासमधल्या अर्विंगला आलो तेव्हा सगळं नवं होतं. रस्ते, झाडं, दुकानं, आमचं अपार्टमेंट, माझी नोकरी. माझ्यापेक्षा वयाने मोठी अशी एकही भिंत दिसायची नाही. मी तक्रार करत नाही. या देशाने मला काम दिलं, मान दिला, वेळेवर पगार दिला, आणि माझ्या गावच्या शाळेचं नाव कधी विचारलं नाही. लग्न झालं, सुनीता आली, ईशा झाली. पण शनिवार आला की माझा पाय घरात ठरायचा नाही. ग्रोसरी झाली की गाडी काढायची आणि उगाच ड्राइव्ह करायचं, एका हायवेवरून दुसऱ्या हायवेवर. सुनीता म्हणायची, "कुठे निघालाय ते तरी सांगा." मला तेच माहीत नसायचं.

मधे एकदा गावी गेलो होतो. वरच्या खोलीत नवी चादर घातलेली, इंजिनिअरिंगची पुस्तकं पुसून ठेवलेली, खडूची सूत्रं तशीच. मला तिथे झोप लागली नाही. सकाळी आप्पांनी विचारलं, "लागली का झोप?" मी म्हणालो, लागली. त्यानंतर गावी जायचं तिकीट काढायची वेळ आली की काही ना काही निघायचं. प्रोजेक्ट, व्हिसा, ईशाचा ताप. सगळी कारणं खरी होती.

२००६ मध्ये आप्पांनी फोनवर विचारलं, "हायस्कूलला नवे सर आलेत. बायको आणि लहान मुलगा आहे. खोली शोधतायत. वरची देऊ का?"

दिली तर मी परत येणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं होतं. नाही म्हणालो तर येईन म्हणावं लागलं असतं. ऑफिसने त्याच आठवड्यात मला एका कामासाठी दीड महिना जर्मनीला धाडायचं ठरवलं होतं. "जर्मनीहून सांगतो," म्हणालो.

"सांग," आप्पा म्हणाले. "सर थांबलेत."

जर्मनीतलं ते गाव लहान होतं. रविवारी सगळं बंद. आसपासच्या टेकड्यांवर मात्र जुने किल्ले होते, बहुतेक पडके. पहिल्याच शनिवारी मी एक बघितला, रविवारी दुसरा. मग चटकच लागली. छोट्या स्टेशनवर उतरायचं, वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्यांमागून बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून चढायचं, वर जाऊन तट बघायचा, विहिरीवरच्या लोखंडी जाळीतून आत वाकायचं, बुरुजावर उभं राहायचं आणि तिथूनच पुढची टेकडी शोधायची. एका जागी बसणं जमत नव्हतं. शेजारी बाकं असायची, माणसं डबे उघडून निवांत खात बसलेली असायची. मी घड्याळात पुढची गाडी बघायचो.

माझ्याबरोबर नागपूरचा स्वप्निल होता. तो म्हणायचा, "काय बे, पडक्या भिंती बघायला इतक्या लांब आलास? तुझ्या गावात कमी होत्या का?"

"तिथल्या भिंतींवर शेळ्या असतात," मी म्हणायचो. "इथे बघ, पडझडसुद्धा नीट राखलीय."

"मग शेळ्या घेऊन ये यार गावाहून," म्हणून तो शॉपिंगला निघून जायचा.

दर रविवारी आप्पांना फोन करायचो. पाऊस, दुकान, आईचे गुडघे, सगळं बोलून व्हायचं. खोलीचं ते विचारायचे नाहीत. फोन ठेवताना फक्त म्हणायचे, "बरं मग." त्या दोन शब्दांत सर, सरांची बायको आणि मुलगा, सगळे उभे असायचे.

परतायला आठवडा उरला असताना एका लहानशा किल्ल्यावर गेलो. दरवाजाची कमान शाबूत होती आणि खाली झिजलेला दगडी उंबरा. मनात काही नसताना मी वाकलो, दगडाला हात लावला आणि कपाळाला नेला. तिकिटाच्या खिडकीतून एक म्हाताऱ्या बाई लगबगीने बाहेर आल्या. हातात टॉर्च.

"काय हरवलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "चष्मा? अंगठी?" आणि मी काही सांगायच्या आत त्या गुडघे टेकून फटीफटीतून उजेड टाकायला लागल्या.

त्यांना उठवता उठवता मी रीत समजावून सांगितली. त्या हसल्या, मग मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवून थर्मासमधली कॉफी दिली. त्यांचं नाव हेल्गा. मी मनात हेल्गाबाई म्हणायला लागलो होतो. टेक्सासहून आलो म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"माझा भाऊ टेक्सासला असतो. तरुणपणीच गेला. तुमच्याकडे उन्हाळा फार."

"फारच," मी म्हणालो. "येतात का ते इकडे?"

"आता येतो. आधी नाही यायचा. आईने त्याची खोली जशीच्या तशी ठेवली होती. पलंग, बूट, शाळेची टोपी. आला की दोन दिवसांत पळायचा. आम्हाला वाटायचं अमेरिकेत गर्विष्ठ झाला." त्यांनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. "मग माझं शिवणाचं मशीन ठेवायला जागा हवी होती. आईशी भांडून मी त्या खोलीत घुसवलं. त्याला कळवलं तेव्हा वाटलं, आता संपलं. तर पुढच्याच उन्हाळ्यात आला. स्वयंपाकघरात कोचावर झोपला. महिनाभर."

"का बरं?"

"विचारलं मी. म्हणाला, त्या खोलीत जो मुलगा राहायचा त्याची मला भीती वाटायची."

मी वर बुरुजावर गेलोच नाही. त्या उन्हाळ्यात तेवढा एकच किल्ला मी खालूनच बघून परतलो. स्टेशनवरच्या फोनवरून आप्पांना लावला. तिकडे दिवेलागण झाली असावी. मागे दुकानात कुणीतरी रिम ठोकत होतं.

"आप्पा, सरांना खोली द्या."

ठोकणं थांबलं. त्यांनी हात करून थांबवलं असणार.

"नक्की?"

"नक्की."

"मग तू आलास की झोपशील कुठं?"

"खाली. तुमच्याजवळ."

"मी घोरतो."

"मीही घोरतो आता. सुनीताला विचारा."

मग ते म्हणाले, "भिंतीवरची सूत्रं पुसू नका म्हणून सरांना सांगतो. त्यांच्या पोराला उपयोगी पडतील." आणि त्यांनी घाईने फोन आईकडे दिला.

पुढच्या वर्षी दिवाळीत आम्ही गेलो. जिन्यावरून सरांचा मुलगा उतरला आणि त्याने मला विचारलं, "काका, कोण पाहिजे?" मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. मी बाहेरच्या खोलीत आप्पांशेजारी सतरंजीवर झोपलो आणि पहिल्या रात्रीपासून गाढ झोपलो.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि आमच्यासाठी एखादी खोली, एखादं कपाट, एखादं ताट राखून ठेवलंत, त्या तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की ते वापरा. आम्ही येऊ. आणि जे माझ्यासारखे निघाले त्यांना काय सांगू? माझा पाय अजूनही ठरत नाही. अर्विंगला शनिवारी मी अजून गाडी काढतो. पण आता घर म्हटलं की मला खोली आठवत नाही. शेजारचं घोरणं आठवतं, आणि सरकून जागा करून देणारा एक हात.

निघायच्या दिवशी आप्पा आम्हाला किल्ल्यावर घेऊन गेले. मी दरवाजात वाकलो, उंबऱ्याला हात लावला. ईशा मागे उभी होती.

"बाबा, डिड यू लूज समथिंग?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ती धुळीत बसून शोधायलाही लागली होती. आप्पा गंमत बघत उभे. थोड्या वेळाने तिने सोड्याच्या बाटलीचं एक गंजलेलं झाकण वर धरलं.

"इज दिस इट?"

मी हो म्हणालो.