कमलनं आखलेली मेमरीची हद्द

कमल गेली हे कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

रडू नंतर आलं. खोटं कशाला बोलू?

तुमच्यापैकी फार कुणी तिला ओळखत नसेल. सांगते.

बहात्तर साल. दुष्काळ. नगरच्या एका सरकारी ऑफिसात अख्खी खोली भरून एक कॉम्प्युटर होता, आणि त्यावर काम करणाऱ्या आम्ही दोघीच मुली.

मी नगरचीच. बीएस्सी फर्स्ट क्लास, इंग्लिश फाडफाड.

कमल शेवगावकडची, शेतकऱ्याची मुलगी. साहेबांसमोरसुद्धा "व्हय" आणि "न्हाई" म्हणायची. डबा खाताना मी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे.

आणि कामात? माझ्या दहा पावलं पुढे.

त्या मशीनची मेमरी म्हणजे आजच्या मोबाईलमधल्या एका फोटोएवढीही नव्हे. त्यात एका वेळी दोन प्रोग्राम चालायचे. एकानं दुसऱ्याच्या जागेत लिहिलं की संपलं.

कमलनं मशीनच्या मूळ प्रोग्राममध्येच, ज्याला आजची मुलं कर्नल म्हणतात त्यात, प्रत्येकाला हद्द घालून दिली. इथून इथपर्यंत तुझं. ओलांडलंस की बंद. दोघांच्या मध्ये थोडी जागा ती मुद्दाम रिकामी ठेवायची.

हद्दीचे आकडे एका पंच कार्डावर, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कागदावर, असायचे. रोज सकाळी ते कार्ड मशीनला द्यायचं.

साहेब म्हणाले, "वा! हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

माझा प्रोग्राम विहिरींच्या नोंदींचा. तिचा, दुष्काळी कामावरच्या कुठल्या गावाला किती पोती धान्य पाठवायचं त्याचा.

माझा हद्दीत मावेना. आठवड्यात तीनदा बंद पडला. दर वेळी प्रिंटरच्या कागदावर माझं नाव, आणि खाली चूक.

"कमल, हद्द वाढव ना थोडी. मधली जागा मोकळीच तर आहे."

"न्हाई गं. तुझा प्रोग्राम कुठवर जाईल त्याचा भरवसा न्हाई. दोन तुकडे कर त्याचे. मी बसते तुझ्यासंगं."

म्हणे तुझ्यासंगं! ही मला शिकवणार!

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी नवं कार्ड पंच केलं. माझी हद्द चांगली ऐसपैस वाढवली. किती, ते मोजलंही नाही. तिचं कार्ड काढून माझं ठेवलं.

प्रोग्राम न थांबता चालला. साहेब "शाबास सुधा" म्हणाले. मी घरी गुणगुणत गेले.

चार दिवसांनी कमलचे वडील एसटीनं आले. तसेच घामाघूम, मशीनच्या खोलीच्या दारात.

"कमळे, खडी फोडाया साडेतीनशे मानसं हायेत आन् पोती आली अकरा. तुझी आई दोन दिस पान्यावर हाय."

कमलनं धान्याची यादी काढली. शेवटच्या गावांपुढे पोत्यांचे आकडे नव्हतेच. माझ्या विहिरींची खोली होती.

अकरा फूट. अकरा पोती.

साहेबांनी हद्दीचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. "हे आकडे तूच ठरवतेस ना?"

"व्हय. पर ह्यो आकडा माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

मी हातभर अंतरावर उभी होते. गप्प.

धान्याचा ट्रक त्याच दुपारी निघाला. कमलला मशीनवरून काढून पंचिंगच्या खोलीत बसवलं. तिची खुर्ची मला मिळाली.

तरी जळणं थांबलं नाही. कारण हद्दीचं गणित मला जमेना, आणि तिलाच जाऊन विचारावं लागे. ती मान वर न करता बरोबर उत्तर द्यायची.

सहा महिन्यांत तिला मुंबईची नोकरी लागली. मी एसटी स्टँडवर गेले. का गेले, आजही सांगता येणार नाही.

"कार्ड तू बदललंस," ती म्हणाली.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी तुझं ऐकलं असतं का माझं?"

माझंच. ते दोघींनाही माहीत होतं.

"आई उपाशी हुती माझी, सुधा. मी न्हाई माफ करनार."

आणि नाहीच केलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेला उत्तर आलं नाही. पुढे ती तिच्या क्षेत्रात खूप मोठी झाली. एकदा तिचा फोटो पेपरात आला, तर यांच्या नजरेला पडू नये म्हणून ते पान मी कपाटात तळाशी अंथरलं.

साहेब खरं न कळताच गेले. ते माहीत असलेली एकटी कमल होती. म्हणून ते हायसं वाटणं.

त्याची मला लाज वाटली, म्हणून हे लिहिलं.

तिला एक मुलगी आहे असं ऐकते. बाळ, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर एवढंच वाच: तुझ्या आईनं घातलेली हद्द बरोबर होती. मी ओलांडली.

कमल, तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क माझा नाही.

तरी वाहते.