मर्डॉककाकांच्या टाचा

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या आमच्या गावात शनिवारचा नाच मर्डॉक मॅकफी यांच्या व्हायोलिनवर चाले. ते समुद्रावर शेवंडी पकडत आणि बहीण एफीसोबत राहत. साठीत त्यांची मान इतकी आखडली, की गज धरलेला हात वर जाईना. हालचालींच्या सवयी नव्याने घडवण्याचे शिक्षण घेऊन मी नुकतीच गावी परतले होते. ते माझ्याकडे आले. मी सुरुवात खुर्चीत बसण्या-उठण्यापासून केली.

“पोरी, तुझ्या बापाला खुर्चीत धड बसता येत नव्हतं. तू मला बसायला शिकवणार?”

“बसायला नाही, काका. बसण्याआधी क्षणभर थांबायला.”

“त्याला शाळा कशाला? अर्धं गाव तेच करतंय.”

तरीही हिवाळाभर ते आले. हात उचलण्याचे मनात येताच मान आवळली जाते, हे त्यांना उमगले; ते आवळणे सोडून देणेही साधले. वाजवताना ते दोन्ही टाचा जमिनीवर आपटत. तो हिसका पाठीतून मानेत जातो असे मी ठरवले आणि तीही सवय मोडवली. मार्चपर्यंत दुखणे गेले. मला तो माझा विजय वाटला.

जूनमध्ये चर्चच्या सभागृहात ते शांत पायांनी वाजवायला बसले. सूर इतके निर्मळ मी ऐकले नव्हते. पण पहिल्याच फेरीत जोड्या अडखळल्या. दुसऱ्या फेरीत निम्मी माणसे भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“मर्डॉक!” एफी ओरडली. “पाय घरी विसरलास की काय? आम्ही नाचायचं कशावर?”

सगळे हसले. काकांनी टाचा आपटून पाहिल्या. पण टाच आणि गज एकमेकांची वाट पाहू लागले. त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवले.

आमच्याकडे नाचणारा वादकाच्या टाचेवर पाऊल टाकतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्याच ठेक्यावर मी वाढले. परंतु शरीर एकट्या माणसाचे असते, या समजुतीने मी गावाची एक सामाईक गोष्ट दोष म्हणून नोंदवली होती.

पुढच्या आठवड्यात ते आले. मान कशी आहे, मी विचारले.

“झकास. आता तिला काही कामच नाही.” मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “टाच कशी आपटायची तेवढं सांग. मला ते कुणी शिकवलंच नव्हतं.”

मलाही कुणी शिकवले नव्हते.