भाऊजींचा पहिला घास

पिवळ्या टेकोड्यांवर माझ्या भाऊजींइतकं प्रेम अख्ख्या परतवाड्यात कोणी केलं नसेल, आणि त्यांच्याइतका संशयही कोणी घेतला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. जन्म गेला एसटीत तिकिटं तपासण्यात. निवृत्त झाले, पण सवय कुठे जाते? पावसाळ्यात सेमाडोहकडची रानातली पिवळी अळंबी, म्हणजे आमचे टेकोडे, बाजारात आले की एकेक टेकोडा यांच्यापुढे विनातिकीट प्रवाशासारखा उभा. "पयले पलटव. वरून तं सारेच सोन्याचे दिसतेत!" खऱ्या टेकोड्याच्या छत्रीखाली सुट्या पात्या नसतात, फाटे फुटलेल्या बोथट सुरकुत्या असतात, त्या थेट देठावर उतरतात आणि नखानं सुटत नाहीत. मग देठ उभा फाडायचा, आत पांढराच हवा. मग वास, तो जर्दाळूचा. शेवटी विकणाऱ्या बाईची उलटतपासणी: मातीतून उपटला की सडक्या ओंडक्यावरून? ओंडक्यावरचा म्हणजे साक्षात यम.

एवढं होईस्तोवर टेकोड्यांना पाणी सुटायचं. ताईनं ही भाजी लग्नाआधी मामाकडे एकदाच खाल्लेली. ती चव काही तिच्या जिभेवरून गेली नाही. भाऊजी दर पावसाळ्यात तिच्यासाठीच टेकोडे आणायचे, आणि एकावर शंका आली की सगळे खड्ड्यात. "एक खोटा तं सारे खोटे!" ताई बिचारी मुकाट्यानं झुणका टाकायची. अकोल्याला माझ्या पुतणीच्या लग्नात तर या माणसानं पंगतीची रांग थोपवून मशरूम मसाल्यातला तुकडा चमच्यानं उलटा केला. वाढपी म्हणाला, "काका, पाकिटातलं हाय." हे म्हणतात, "पाकिटावर कोनी मेलं नाही असं लिहेल हाय का?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या पावसाळ्यात मात्र नवल घडलं. मी अकोल्याहून आलेली, आणि सगळेच्या सगळे टेकोडे पास! ताईनं खोबरं भाजून रस्सा केला, ताट वाढलं, तर भाऊजींनी ताटावर हात धरला. "आधी मी खातो. उद्या सकाळी उठलो, तं तुमी खा. एक कच्चा वाटीत ठेवला हाय, डॉक्टराले दाखवजो." चार घास खाऊन पोटावर हात ठेवून बाजेवर आडवे. मला हसू आवरेना. ताई नाही हसली. तिनं त्यांचं उष्टं ताट पुढ्यात ओढलं.

"अन् तुमी नाही उठले, तं मी काय उद्या भाजी खात बसू?"

"अवं थांब!"

"लय वर्सं थांबली," म्हणत तिनं घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. भाऊजी उठून बसले. मग हळूच म्हणाले, "मीठ बरोबर हाय का वं?" त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

यंदा त्यांची नजर अधू झालीय. टेकोड्याखालून बोट फिरवतात आणि विचारतात, "फाटे हायेत?" ताई सांगते, "हायेत. देठावर उतरले बी." आयुष्यात एकाही प्रवाशाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेला हा माणूस मान डोलावतो. आता पहिला घास दोघं एकाच ताटातून, बरोबरच घेतात. मला मात्र पाहुणी म्हणून दुसऱ्या दिवशी, दोघंही धडधाकट उठल्यावरच वाढतात. मी आपली सकाळी चहाच्या आधी त्यांच्या दाराशी जाऊन कानोसा घेते. आतून भांडण ऐकू आलं की जीव भांड्यात पडतो. उठू देत बाई दोघं, दरवर्षी अशीच.