हेड बसवण्याआधी

फौजेत मी व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि ऐंशी सालानंतर लाखनीला हायवेवर गॅरेज टाकलं. माझा कुणावर विश्वास नाही, असं लोक म्हणतात. खरंच नाही. त्याचं कारण मी एकाच माणसाला सांगितलं, करडीच्या सुदामला.

सुदामच्या छोट्या कारचं इंजिन मी पूर्ण खोललं होतं. सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा गेला होता. त्याने नागपूरहून दुसरं जुनं हेड आणलं, घासून चकचकीत केलेलं. ती चकाकीच मला खटकली. दुपारी दोन वाजता दोन्ही हेड टेबलावर उलटी ठेवली. सिरिंजने चेंबरमध्ये ऑइल भरून पाहिलं. आणलेल्यात कमी मावलं, म्हणजे कुणीतरी ते तासलं होतं. मग दोन्हींवर गॅस्केट, म्हणजे हेडखाली बसणारा भोकांचा पातळ पत्रा, ठेवून पाहिलं. मागचा पाण्याचा होल पहिल्यात उघडा, यात बुजलेला; पाणी फिरलं नाही की इंजिन तापून जाम होतं.

"बसवून टाका ना भाऊ," सुदाम म्हणाला. "परवा बायकोले दवाखान्यात न्याचं आहे. दुकानदार तर सेम म्हणून राहिला होता."

"नाही बसवत."

"काहून?"

"बस. देवाजीचं सांगतो."

देवाजी त्याचा थोरला भाऊ, आमच्या युनिटचा ड्रायव्हर, लान्स नायक. पोस्टिंग डोंगरात होतं. त्याच्या जीपला असंच हेड आलं होतं. मी सुबेदार साहेबांना म्हणालो, "साहब, पानी का एक होल बंद है."

"टाइम नहीं है. फिट करो."

मी केलं. सकाळी सहाला देवाजी औषधं घेऊन वरच्या पोस्टकडे निघाला. नऊला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"इंजन जाम. पैदल आ रहा हूँ. ओव्हर."

"वहीं रुको. ओव्हर."

उत्तर आलं नाही. बर्फ पडायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी तो सापडला. रिपोर्टमध्ये खराब हवामान लिहिलं गेलं. घरीही तेच कळवलं. मी गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

सुदामने विचारलं,

"त्याले मालूम होतं?"

"नाही. निघताना त्यानं विचारलं, 'उस्ताद, पक्कं ना?' मी पक्कं म्हनलो."

मला वाटलं, आता हा हात उचलणार. त्याने गॅस्केट उचललं, हेडवर पुन्हा ठेवलं आणि एकेका होलवरून बोट फिरवलं. बुजलेल्या होलवर ते थांबलं. मग हेड पोत्यात गुंडाळून तो निघून गेला. बायकोला त्याने एसटीने नेलं.

आठ दिवसांनी तो तिसरं हेड घेऊन आला. ते मी चार वेळा तपासून बसवलं. चावी घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पक्कं ना, भाऊ?"

तोच आवाज, तोच प्रश्न. मी चावी परत घेतली आणि बॉनेट पुन्हा उघडलं.