घसा बसल्यानंतरचा सर्व्हे

धम्मानंद गजभिये यांचा आवाज मुळात चांगला होता. नागपुरात इंदोऱ्याच्या बुद्धविहारात पौर्णिमेला वंदना तेच घ्यायचे आणि माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक शब्द ऐकू जायचा. बी.ए. झाल्यावर त्यांनी एका खाजगी शाळेत काही वर्षं शिकवलं. शाळेला अनुदान मिळालं नाही, ती बंद पडली. मग ओळखीच्या एकाने टूथपेस्टच्या सर्व्हेवर लावून दिलं. दारोदार जायचं, प्रश्न वाचायचे, उत्तरावर खूण करायची. दुसरं काही मिळेपर्यंत करू, असं म्हणून धरलेल्या या कामात त्यांचे केस पांढरे झाले.

चहापत्ती झाली, कूलर झाले, टीव्हीवरच्या मालिका झाल्या. निवडणूक जवळ आली की राजकारणाचे सर्व्हे यायचे. पुढे कागद जाऊन टॅब आले. टॅबमध्ये बोलणं आपोआप रेकॉर्ड व्हायला लागलं, म्हणजे कोणी टपरीवर बसून खोटे फॉर्म भरू नयेत. धम्मानंदांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी तसं कधी केलंच नव्हतं. ते फक्त दमत चालले होते. गुडघे दुखत, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण काय विचारतो आहोत ते त्यांना स्वतःलाच ऐकू येईनासं झालं होतं. तोंड चालत राही आणि मन घरी जाऊन पडलेलं असे.

लोकसभेच्या आधीचा तो सर्व्हे दिल्लीच्या एका कंपनीचा होता. नागपूरचं काम धंतोलीतल्या एका लहानशा एजन्सीकडे आलं होतं आणि तिथली सुपरवायझर मिनल गेली काही वर्षं धम्मानंदांनाच आधी फोन करायची. मार्च अर्धा सरला होता, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. प्रश्न दोन प्रकारचे होते. आधी एकेका पक्षनेत्याचा फोटो दाखवायचा आणि दहापैकी किती गुण द्याल ते विचारायचं. मग देशाबद्दलचे प्रश्न. त्यातला एक असा होता : "देशावरचं कर्ज वाढत आहे, असं काही जण म्हणतात. तुम्हाला याची कितपत काळजी वाटते?"

हा प्रश्न आला की लोक थांबत. शहराबाहेर बेसात नव्या फ्लॅट स्कीममधला एक गृहस्थ म्हणाला, "सर, आमच्या फ्लॅटच्या कर्जाचं विचारा ना." बाकीचे हसले. पण बहुतेक जण इकडेतिकडे बघून म्हणत, "ते मोठ्या लोकांचं आहे. सांगता येत नाही." नेत्यांचे गुणही तसेच. दारात उभं राहून, शेजाऱ्याचं दार उघडं असताना, मागे सासरा पेपर वाचत बसलेला असताना माणूस कुणाला किती गुण देईल, ते धम्मानंदांना दार उघडताच कळायचं. ज्याचा झेंडा गच्चीवर, त्याला नऊ. ते ऐकायचे, खूण करायचे, पुढच्या दाराची बेल वाजवायचे.

एका सकाळी उठले तर आवाजच नव्हता. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, हळद घातलेलं दूध प्यायले, काही झालं नाही. आठवड्यानंतर सरकारी दवाखान्यात नाकातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत. जास्त बोलणाऱ्यांना होतात तशा. दीड महिना बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने आणखी ताण येतो.

घरी येताना रिक्षात त्यांची बायको नीला म्हणाली, "अवो, आता हे काम सोडून द्या. बस झालं."

धम्मानंदांनी मोबाइलवर लिहून दाखवलं : हा सर्व्हे संपू दे.

"बोलता येत नाही तर विचाराल कसं?"

त्याचं उत्तर नीलानेच शोधलं. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा काढून तिने त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माझा घसा बसला आहे. कृपया प्रश्न तुम्हीच वाचा आणि उत्तर तुमच्याच हाताने दाबा.' अक्षर तिचं सुरेख होतं. लिहून झाल्यावर तिने पुठ्ठा त्यांच्या हातात दिला आणि भाजी निवडायला बसली.

तो पुठ्ठा घेऊन धम्मानंद पुन्हा बेसाला गेले. दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये दिपाली नावाच्या तरुण बाईने दार उघडलं. घरात कोणाचं उत्तर घ्यायचं ते टॅब ठरवायचा, आणि टॅबने तिलाच निवडलं. तिचा नवरा बाहेर येऊन म्हणाला, "काका, तिला काय विचारता, मी सांगतो ना." धम्मानंदांनी गळ्याकडे बोट दाखवलं, पुठ्ठा पुढे केला आणि टॅब दिपालीच्या हातात दिला. नवरा तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. ती म्हणाली, "इथं स्क्रीन चमकून राहिली, काही दिसत नाही," आणि चार पावलं जिन्याच्या सावलीत जाऊन उभी राहिली. धम्मानंद चपलांच्या रॅककडे बघत राहिले. तिला बराच वेळ लागला. एकदा तर ती मागच्या प्रश्नावर गेली आणि पुन्हा पुढे आली. टॅब परत देताना तिने "झालं" एवढंच म्हटलं.

पुढच्या दारांतही तसंच झालं. लोक टॅब घेऊन जरा बाजूला सरकत. वाचत, थांबत, खोडत. जे पूर्वी दारात उभ्या उभ्या पटापट आकडे फेकत, ते आता कपाळाला आठ्या घालून विचार करत. धम्मानंदांना ते चांगलं वाटलं, पण त्यात त्यांनी फार डोकं घातलं नाही. बसायला मिळत होतं, घशाला आराम होता.

अडचण आली ती नागपूरबाहेर, कुहीकडच्या एका गावात. घर एका पक्षाच्या कार्यकर्त्याचं होतं, दारावर झेंडा होता, आणि टॅबने निवडलं त्याच्या आईला. प्रयागबाई छपरीत सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. मुलगा आत फोनवर मोठमोठ्याने बोलत होता. हे घर सोडून पुढे जावं असं धम्मानंदांना क्षणभर वाटलं. उन्हातून इतक्या लांब आले होते. शेवटी ते तिच्याजवळ खाली बसले आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं केलं. तिच्या कानाशी वाकून, जेमतेम फुटेल तेवढ्या आवाजात प्रश्न विचारला.

प्रयागबाईने सूप बाजूला ठेवलं आणि तीही तशीच कुजबुजून बोलायला लागली. कोणी कुजबुजून विचारलं की माणूस कुजबुजूनच उत्तर देतो, हे धम्मानंदांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मुलाच्या नेत्याचा फोटो पाहून तिने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि दोन बोटं वर केली. कर्जाचा प्रश्न त्यांना दोनदा सांगावा लागला.

"मंग वाटनच ना काळजी," ती म्हणाली. "कोनी घेतलं, कायले घेतलं, हे कोनी सांगत नाही गा. आमच्या नावानं तर नाही घेतलं? लेकरायले फेडा लागन."

"खूप का थोडी?" त्यांनी विचारलं.

"खूप लेय."

त्या कुजबुजीने रात्रभर घसा ठणकत राहिला. नीलाने दुखतं का विचारलं, तेव्हा त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

दोन दिवसांनी मिनलने ऑफिसला बोलावलं. तिच्या टेबलावर दोन फोन आणि अर्धा खाल्लेला डबा होता. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून ती म्हणाली, "काका, तुमच्या एरियातले आकडे लय वेगळे येऊन राहिले. बाकी पोरांचं बघा. एका नेत्याला सगळीकडे आठ-नऊ, आणि कर्जावर 'सांगता येत नाही'. तुमच्याकडे त्याच नेत्याला तीन, चार, पाच, आणि कर्जाची खूप काळजी. बरं, रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारल्याचा आवाजच नाही. दिल्लीवाले म्हणतात, माणूस घरी बसून फॉर्म भरून राहिला."

धम्मानंदांनी पिशवीतून पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला. मग मोबाइलवर सगळं लिहिलं. मिनलने वाचलं. मग पुठ्ठाही उचलून वाचला.

"मले तुमच्यावर विश्वास आहे, काका," ती म्हणाली. "पण माझ्या विश्वासाचं ते काय करतील? फोन करून खात्री करा म्हणतात. आता तुमच्यासमोरच करते."

तिने पहिला नंबर लावला. तो दिपालीचा होता. फोन नवऱ्याने उचलला. सर्व्हेचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "देतो तिला, स्पीकरवर टाकतो." मग दिपालीचा आवाज आला.

"ताई, आमचे गजभिये काका तुमच्याकडे आले होते ना?"

"हाव, आले होते. घसा बसला होता त्यांचा."

"तुम्हीच उत्तरं दिली होती?"

"हाव."

"एक-दोन परत विचारते फक्त." मिनलने नेत्याचं नाव घेतलं. "यांना किती गुण दिले होते, आठवते?"

पलीकडे नवरा काहीतरी म्हणाला. "नऊ," दिपाली म्हणाली.

"आणि देशावरच्या कर्जाचं?"

"ते... ते नाही सांगता येत मॅडम."

मिनलने लॅपटॉपकडे पाहिलं. तिथे चार होते आणि पुढे 'खूप काळजी वाटते' असं होतं. "पण ताई, इथं तर तुमचं—"

धम्मानंदांनी हात लांब करून फोन कापला.

मिनल त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, काय केलं हे? मी तुमच्याचसाठी विचारून राहिले होते."

त्यांनी मोबाइलवर लिहिलं : तिचा नवरा ऐकून राहिला होता.

मिनलने ते वाचलं आणि खुर्चीला पाठ टेकली. पुढचा नंबर कुहीचा होता, प्रयागबाईच्या मुलाचा. तिने तो लावला नाही. खाली रस्त्यावर प्रचाराचा एक ऑटो भोंगा वाजवत गेला. तिने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला.

"मंग मी काय लिहू?" तिने विचारलं.

'रद्द लिही,' धम्मानंदांनी लिहिलं. 'घसा बसल्यानंतरचे सगळे. म्हणजे कोणाला फोन नको.'

"पैसे नाही मिळणार त्याचे."

त्यांनी चालेल म्हणून मान हलवली. टॅब आणि त्याचा चार्जर टेबलावर ठेवला, ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं. मिनल जिन्यापर्यंत सोडायला आली. "पाणी तरी पिऊन जा," ती म्हणाली. ते पाणी प्यायले आणि स्कूटी काढून घरी आले. राग आला नव्हता. नवऱ्याने नंतर दिपालीला काही विचारलं असेल का, एवढंच सारखं मनात येत होतं. ते कळायला काही मार्ग नव्हता आणि पुन्हा तिच्या दारात जाणं बरोबर नव्हतं.

त्यानंतरचे दिवस त्यांनी झोपून काढले. सकाळी चहा घेऊन झोपायचे, जेवून पुन्हा झोपायचे. इतका थकवा अंगात कुठे भरून ठेवला होता, हे त्यांनाच कळेना. नीला कूलरमध्ये पाणी भरायची आणि कामाला निघून जायची.

एका संध्याकाळी टीव्हीवर तो सर्व्हे आला. एका नेत्याची लोकप्रियता मोठ्या आकड्यात दाखवली. कोट घातलेल्या एका माणसाने सांगितलं की देशावरच्या कर्जाबद्दल सामान्य मतदाराला विशेष काही वाटत नाही. नीलाने नवऱ्याकडे पाहिलं. ते भाकरीचा तुकडा वरणात बुडवत होते.

"तुमचे फॉर्म त्याच्यात नाहीत ना?" तिने विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि आणखी वरण मागितलं.

मतदान झालं, निकाल लागला, पाऊस सुरू झाला. आवाज परत आला, पण अर्धाच. वरचा सूर लागत नाही, जास्त बोललं की चिरका होतो. विहारात आता दुसरे एक जण वंदना घेतात, धम्मानंद मागच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर म्हणतात. विधानसभेच्या आधी मिनलचा फोन आला. "काका, नवा सर्व्हे आहे. याल का? मीच बोलली तुमच्यासाठी."

"नाही जमत, बेटा," ते म्हणाले.

"घसा?"

"घसा बी, आणि पाय बी."

ती थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोलली. तिलाही हे काम सोडायचं आहे म्हणाली, पण दुसरं कुठे काय मिळतं. धम्मानंद ऐकत राहिले. आता ते चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात सकाळी बसतात. कागद घ्यायचा, मशीनवर ठेवायचा, परत द्यायचा. फारसं बोलावं लागत नाही. दुपारी मालक जेवून आला की ते घरी येतात, हातपाय धुतात आणि ताट वाढून घेतात.