भीतीचं दुकान

आमच्या प्लेगच्या दवाखान्यातल्या थोरल्या कंपाउंडरांइतका भित्रा माणूस सोलापुरात त्यांच्याआधी झाला नाही आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. तोंडावर आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि पाठीमागं भीतीचं दुकान. दुकान अशासाठी की त्यांच्याकडं हव्या त्या प्रकारची भीती तयार मिळायची. पालीची, विजेची, तारेची, कुंपणातून आत आलेल्या अनोळखी मांजराची. गिरणीचा भोंगा रोज ठरल्या वेळी व्हायचा आणि अण्णा रोज ठरल्या वेळी दचकायचे. पोस्टमन फाटकाशी दिसला की ते आधी भिंतीला टेकायचे आणि मग "कुणाचं आहे?" म्हणून विचारायचे. असा हा माणूस गावाबाहेरच्या माळावर, पत्र्याच्या दोन लांबलचक शेडांत, प्लेगच्या रोग्यांमध्ये वीस वर्षं नोकरी करत होता. का, ते कुणालाच कळत नव्हतं. गावात उंदीर पडायला लागले की भलेभले मिशीवाले बिऱ्हाड गाडीत घालून मोहोळ-मोडनिंबाकडं पसार व्हायचे. अण्णा मात्र लटपटत का होईना, वेळेवर हजर.

मी तिथला धाकटा कंपाउंडर. वय बावीस, राहणारा मोहोळचा, घरच्यांनी देव पाण्यात ठेवून धाडलेला. पहिल्याच सकाळी अण्णांनी मला वॉर्डाच्या दारात अडवलं आणि म्हणाले, "हं कर." मला वाटलं, थोरले वेडे आहेत. "तोंडानं श्वास सोड रे, हं कर!" मी केलं. त्यांनी नाक पुढं करून वास घेतला आणि मान हलवली. "शेंगाचटणीचा वास नाही. जेवला नाहीस. माघारी फीर." उपाशी पोटी रोग्यापाशी जायचं नाही हा त्यांचा कायदा होता, आणि त्या बाबतीत ते कुणाच्या शब्दावर विसंबत नसत. भीतीनं घास उतरत नाही आणि माणूस बेलाशक खोटं बोलतो, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. म्हणून दाराशी कडक भाकऱ्यांची टोपली आणि चटणीचा वाडगा कायम मांडलेला. डॉक्टरसाहेबांचीही सुटका नव्हती. "अहो, मी तुमचा वरिष्ठ आहे," असं ते एकदा तडकून बोलले, तर अण्णा हात जोडून म्हणाले, "म्हणूनच साहेब, जरा मोठ्यानं करा."

पाळी संपली की फिनेलच्या पाण्यात पाय बुडवून सगळ्यांनी लिंबाच्या झाडाखाली बसायचं, हा दुसरा जाच. तिथं दवाखान्याचा विषय काढायचा नाही. कुणी "तो सात नंबरचा..." असं म्हटलं, की अण्णा त्याला उठवून पुन्हा पाय बुडवायला लावायचे. मग काय बोलणार? शिवबाई म्हणून आमची आया होती, अक्कलकोटाकडची, ती आपल्या शेळ्यांबद्दल बोलायची. तिच्या शेळीला कधी काय झालं, कुठली लाथ मारते, कुठली आडवी येते, हे मला माझ्या सख्ख्या बहिणींच्या हकिकतीपेक्षा जास्त ठाऊक होतं. कंटाळा यायचा, पण घरी जाताना डोक्यात रोग्यांच्या कण्हण्याऐवजी शेळ्या असायच्या, हे खरं. आणि एखाद्याच्या हाताखाली एका दिवसात दोन माणसं दगावली, की अण्णा त्याला तिसऱ्या खाटेपाशी फिरकू देत नसत. "दोन पुरे. जा, झोप," म्हणायचे आणि त्याच्या जागी भीत भीत स्वतः उभे राहायचे. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "अण्णा, हा दवाखाना आहे की तुमच्या लेकीचं सासर? किती ती काळजी!"

सगळ्यांत वाईट म्हणजे तपासणी. घरी जाण्याआधी पुरुषांनी रांगेत सदरे काढून हात वर करायचे आणि अण्णा प्रत्येकाच्या काखेत अंगठा दाबून गाठ आहे का ते बघायचे. दाबताना स्वतःचे डोळे गच्च मिटलेले. बायकांचं काम शिवबाईकडं, ती आडोशातून ओरडायची, "दोगी बऱ्या हायत की अण्णा! तिसरीला लई गुदगुल्या व्हत्यात, हात लावू देत न्हाय!" आम्ही हसायचो. पण अंगठा आपल्या काखेत यायचा, तेव्हा प्रत्येकाचं हसू थांबायचं. दोन क्षण जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि "चल, पुढं हो" हे शब्द कानावर पडले की मगच श्वास सोडायचा.

त्या साली साथ जोरात होती. एके दिवशी विणकरांच्या पेठेत लस टोचायला मी आणि अण्णा गेलो. मराठीत, मोडक्या तेलुगूत, हातवारे करून दिवसभर एकच पाठ म्हणत होतो. ताप येईल, काखेत दुखेल, गाठीसारखं हाताला लागेल, दोन दिवसांत जाईल, घाबरायचं नाही. घसे बसले. शेवटी बाटलीत थोडी लस उरली. माझी त्या साली टोचायची राहिली होती, म्हणून अण्णांनी मलाच धरून डाव्या दंडात सुई खुपसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वातात बरळणारा एक रोगी खाटेवरून पडला. त्याला उचलताना तो माझ्या तोंडावरच खोकला. तोंड धुतलं, चूळ भरली, पण मन काही धुतलं जाईना. दुपारपर्यंत अंग तापलं. उन्हानं असेल, असं स्वतःला समजावत मी रांगेत उभा राहिलो. अण्णांचा अंगठा डाव्या काखेत आला, थांबला, पुन्हा दाबला गेला. मी कळवळलो. मिटलेले डोळे त्यांनी उघडले पण "चल, पुढं हो" काही म्हटलं नाही.

कामावरच्या आजारी माणसांसाठी कुंपणापाशी एक वेगळी झोपडी होती. तिच्यात गेलेला उठून परत आलेला मी पाहिला नव्हता. डॉक्टरसाहेब गावात गेलेले, ते दिवेलागणीला येणार. मला तिथं निजवलं. शिवबाईनं दाराशी पाण्याचा तांब्या ठेवला, "माज्या लेकरा," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून गेली. मग कुणी नाही. आईला तार जाईल, ती कोण वाचून दाखवील, असलं काहीबाही मनात येत होतं. मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती ही होती की या कुडाच्या चार भिंतींत मी एकटा मरणार आणि सगळे लिंबाखाली बसून शेळ्यांचं बोलणार.

तेवढ्यात दारातून आधी एक स्टूल आत आलं आणि त्याच्यामागून अण्णा. माझ्या उशाशी स्टूल टेकून बसले. त्यांचे दात वाजत होते, स्पष्ट ऐकू येत होते. वर आढ्याला एक पाल होती. ते एकदा पालीकडं बघत आणि एकदा माझ्याकडं, जास्त कुणाला भ्यावं ते ठरेना.

"अण्णा, जा तुम्ही. तुम्हाला लागेल हे."

"लागू दे." मग घाईनं, "नाही, नको लागू दे. देवा, नको लागू दे. पण मी उठणार नाही."

"अहो, तुम्हाला बायकोमुलं आहेत."

"तू शिव्या घाल मला, काय वाटेल ते बोल. उठवू नकोस फक्त."

आणि माझा हात हातात घेऊन ते चार तास बोलले. लाथ मारणाऱ्या म्हशीची धार कशी काढावी, धाकट्या मेव्हण्यानं लग्नात कसा रुसवा धरला, त्यांच्या परसातल्या आंब्याला मोहर येतो आणि फळ का धरत नाही. मधेच माझ्या कपाळाला हात लावायचे, "अय्यो" म्हणायचे आणि पुन्हा आंब्यावर यायचे. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. पण आवाज थांबला की मी घाबरायचो, आणि ते त्यांना बरोबर कळायचं.

दिवे लागता लागता डॉक्टरसाहेब धावत आले. काख दाबली, मांड्या तपासल्या, जीभ पाहिली. मग बाही वर सारली आणि कंदील जवळ आणला. दंडावर लालभडक सूज.

"काल याला लस कुणी टोचली?"

"मी," अण्णा म्हणाले.

"कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"आणि गाठ कुठल्या काखेत आहे?"

अण्णांनी स्वतःच्याच डाव्या काखेला हात लावला. डॉक्टरसाहेब कंदील खाली ठेवून म्हणाले, "काल दिवसभर पेठेत लोकांना काय सांगत होता तुम्ही दोघं?" आणि आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात म्हटलं, "ताप येईल, काखेत दुखेल, गाठीसारखं हाताला लागेल..." साहेब हसता हसता खालीच बसले. "दोन दिवस नजर ठेवू, पण ही प्लेगची गाठ नव्हे," म्हणाले. दारात शिवबाईनं कपाळावर हात मारला, "अगं बया! आन मी नवस बोलून बसले की!"

सगळे हसत गेले. अण्णा हसले नाहीत, गेलेही नाहीत. जमिनीकडं बघत हळूच म्हणाले, "माझ्या पहिल्या साली माझ्याबरोबर एक जण होता. तुझ्याएवढाच. त्याला याच झोपडीत ठेवलं. मी आत गेलो नाही. दीड दिवस तो मला नाव घेऊन हाका मारत होता. मी कुंपणाशी उभा राहून ऐकत होतो. पाय उचलेना रे माझा."

मी म्हणालो, "अण्णा, आज तुम्ही आत आलात की."

"त्याचं काय? आज प्लेग कुठं होता?"

"नव्हता. पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं ते?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, हे मला दिसत होतं. मग खांद्यावरचा पंचा त्यांनी तोंडावर घेतला आणि तो इतका वेळ काढला नाही की शेवटी मीच उठून बसलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्या मोहोळच्या घराबद्दल सुचेल ते बोलत राहिलो.