फरशीला लावलेला उलटा हात

कुठल्याही घरात शिरलं की ती आधी खाली वाकायची, उलटा हात फरशीला लावायची आणि निकाल द्यायची, "घर थंड हाय." मग तुम्ही चहा विचारा, खुर्ची द्या, तिचं तिकडे लक्ष नसे.

तुम्ही म्हणाल, विरारमध्ये घर गरम करायला कोण जातं? बारा महिने पंख्याखाली बसणारी माणसं आपण. खरं आहे. पण घरात बाळंतीण आली की सव्वा महिना तेच घर उबदार लागतं, आणि आमच्या चंदनसारच्या इमारतींत ते काम मावशीचं होतं. खाडीकाठच्या गावातून ती रोज सकाळी यायची. एका हातात पंपाचा पितळी स्टोव्ह, दुसऱ्या हातात रॉकेलचा निळा कॅन.

स्टोव्हचे तिचे नियम होते. रॉकेल फडक्यातून गाळूनच ओतायचं. पंपातला चामड्याचा वायसर खोबरेल लावून मऊ ठेवायचा. स्टोव्ह गॅलरीतच, बंद खोलीत कधीही नाही. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की विझवून, पिन मारून पुन्हा पेटवायचा. एका पातेल्यातल्या पाण्याने आंघोळी व्हायच्या. दुसऱ्यातलं रबरी पिशव्यांत भरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून गादीच्या कडेने लावायचं. लिटरभर रॉकेलात दोन सकाळी निघत. रेशनवर ते मिळेनासं झालं तेव्हा ती खुल्या भावाचं शोधत वसईपर्यंत जाऊ लागली, आणि तिच्या मजुरीचा बराच भाग त्या कॅनमध्ये जाऊ लागला. मावशी, गिझर स्वस्त पडतो, असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं.

"लाइट कोनाच्या बापाची हाय?"

आमच्या वस्तीत वीज वाटेल तेव्हा जायची.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा त्या पदाचा मला फार तोरा होता. जिन्यात रॉकेलचा वास येतो अशी तक्रार आली आणि मी स्वतःच्या हाताने नोटीस लिहून गेटच्या भिंतीला डकवली : इमारतीत स्टोव्ह व रॉकेल आणण्यास सक्त मनाई आहे.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने तिला अडवलं. मावशीने नोटीस सावकाश वाचली, गेटच्या बाहेर दोन पावलं गेली, कॅनवर बसली आणि तिथेच स्टोव्ह पेटवला. मी तणतणत खाली उतरलो.

"बिल्डिंगमदे नको ना?" ती पंप मारत म्हणाली. "ही बिल्डिंग नाय. हा रस्ता हाय, भाऊ."

पाणी उकळल्यावर झाकलेली बादली घेऊन ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीकडे गेली. त्या बाळंतिणीचा सव्वा महिना संपेपर्यंत, सलग अकरा दिवस, असं चाललं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची आणि मग वर माझ्या खिडकीकडे बघायची. मी काही हटलो नाही. नियम म्हणजे नियम, असं बायकोला सांगत राहिलो.

मग डिसेंबरात माझी लेक बाळ घेऊन घरी आली. नात आठव्या महिन्यात झालेली, मुठीएवढी. तिला ऊब कमी पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी हौसेने तेल भरलेला विजेचा हीटर आणला होता, चांगला महागातला. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सफॉर्मर जळाला. दुपारपर्यंत हीटर थंडगार, आणि नातीचे तळवेही. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, आधी बाळाला ऊब द्या, मग घेऊन या. मी घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. बायकोने मला न विचारता मावशीला निरोप धाडला.

ती आली, पण गेटपाशीच थांबली.

"आदी तो कागद काढा."

मी नखांनी नोटीस खरवडली. चिकट होती, तुकड्यातुकड्यांनी निघाली. मावशी शांतपणे बघत उभी राहिली. शेवटचा तुकडा निघाल्यावर तिने कॅन माझ्या हातात दिला आणि लिफ्ट बंद म्हणून तीन मजले मला तो वाहून न्यायला लावला.

वर येताच उलटा हात आधी फरशीला, मग बाळाच्या तळव्यांना. हीटरकडे बघून तिने विचारलं, यात तेल हाय? हो म्हटलं.

"मंग जळत का नाय?"

त्या दिवशी तिने आंघोळ घातली नाही. बाळाचे कपडे उतरवून त्याला माझ्या लेकीच्या उघड्या छातीवर निजवलं, वरून गोधडी घातली, गादीच्या कडेने गरम पिशव्या लावल्या. दर अर्ध्या तासाने पाणी बदलत राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत तिने माझा हात धरला, उलटा केला आणि नातीच्या तळव्याला लावला. तळवा गरम होता. मी रडलो, तिच्यासमोरच. दवाखान्यात तपासून डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे.

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या सुनेने स्टोव्ह मला आणून दिला, त्यांच्या घरी आता कुणी वापरत नाही म्हणून. तो आमच्या गॅलरीत असतो. दर रविवारी मी वायसरला खोबरेल लावतो आणि ज्योत निळी येते ना, ते बघतो. तिच्यासारखा पंप मला अजून जमत नाही.

नवीन कमिटीला हे खपलं नाही. परवा सकाळी वॉचमन नोटीस घेऊन दारात आला. स्टोव्ह आठ दिवसांत हलवा, इथे सही करा. मी म्हटलं, सही करणार नाही आणि स्टोव्हही हलणार नाही, कमिटीला सांग. तो पेन पुढे धरून उभाच होता.

मी खाली वाकलो आणि उलटा हात फरशीला लावला. घर थंड होतं.